रस्ता मोकळा करणारा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या पुतण्याला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत रुजू होण्याचे पत्र आले. घरात आनंद झाला, शेजारीपाजारी पेढे वाटले गेले, रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात थोरामोठ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर वहिनी ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, एक विचारू? याच्यासाठी प्रार्थना कोणती करायची? याच्या छातीवर शौर्यपदक लागावं अशी करायची, की ते मिळवायची वेळच याच्यावर येऊ नये अशी? दोन्ही एकदम तर मागता येत नाही."

मला चटकन उत्तर देता आले नाही. प्रश्न आईच्या तोंडून आला म्हणून तो हळवा वाटेल. पण नीट पाहिले तर तो नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न आहे. शांती करणाऱ्यांना धन्य मानणारे शुभवर्तमान आपण ऐकतो आणि प्रजासत्ताक दिनी रणांगणावर पराक्रम केलेल्यांना मानवंदना दिली जाताना उभेही राहतो. या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात नांदतात कशा? वीराचा गौरव करताना आपण नेमका कशाचा गौरव करतो? त्याने मारलेल्यांचा, त्याने मिळवून दिलेल्या विजयाचा, की आणखी कशाचा? हा प्रश्न हवेत राहू नये म्हणून मी एका खऱ्या माणसाचे चरित्र समोर ठेवतो.

रामा राघोबा राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी झाला. वडील पोलीस शिपाई होते. १९४० साली, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. खडकीला ठाणे असलेल्या या दलाला लोक बॉम्बे सॅपर्स या नावाने ओळखतात. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे आणि काढणे हे त्यांचे काम. राणे ब्रह्मदेशात लढले आणि अनुभवाने वर चढत गेले. १५ डिसेंबर १९४७ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटचे अधिकारपद मिळाले. त्यानंतर चार महिनेही पुरते लोटले नव्हते, तोच त्यांच्या आयुष्यातला तो प्रसंग आला.

एप्रिल १९४८ मध्ये भारतीय सेनेला नौशेराहून राजौरीकडे जायचे होते. वाट डोंगराळ आणि नागमोडी. शत्रूने ती जागोजाग उखडली होती. मोठमोठे वृक्ष आडवे टाकले होते, मोऱ्या उडवल्या होत्या आणि भोवती सुरुंग पेरून त्यावर मशीनगनचा मारा रोखून धरला होता. रणगाडे पुढे जायचे तर आधी कोणीतरी हा रस्ता मोकळा करायला हवा होता. ते काम राणे यांच्या तुकडीकडे आले. ८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांचा भडिमार झाला. तुकडीतले दोघे ठार झाले, पाच जखमी झाले. त्या पाचांत खुद्द राणे होते. त्यांनी उरलेली माणसे गोळा करून कामाला आरंभ केला. दिवसभर ते रणगाड्यांच्या जवळ, माऱ्याखाली राहिले. संध्याकाळी बारवालीची डोंगरधार काबीज झाल्यावर, आसपास शत्रू शिल्लक आहे हे ठाऊक असूनही, ते पुढे गेले आणि रात्री दहापर्यंत रणगाड्यांसाठी वळणरस्ता करीत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा आरंभ. दुपारी तीनपर्यंत तो रस्ता तयार झाला. मग सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसून राणे निघाले. अर्ध्या मैलावर आडवे वृक्ष. उतरून ते उडवले. आणखी तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पुढे उद्ध्वस्त मोरी. अंधार पडता पडता पाच प्रचंड वृक्षांचा अडथळा आला, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे सुरुंग काढू लागले; पण पथकाच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून मुक्काम करण्याचा निर्णय घेतला. १० एप्रिलला पहाटे पावणेपाचला ते पुन्हा त्याच अडथळ्याशी होते. साडेसहाला तो दूर झाला, साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्ड. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दुपारी चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या रसदीसाठी रस्ता करीत थांबले. अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत. ११ एप्रिलला सकाळी अकरापर्यंत त्यांनी चिंगसपर्यंतचा मार्ग खुला केला आणि त्या रात्री दहापर्यंत पुढचा रस्ता साफ करीत राहिले. १२ एप्रिलला सेना राजौरीत पोहोचली. या कामगिरीबद्दल राणे यांना परमवीर चक्र मिळाले. हयातीत हा सन्मान स्वीकारणारे ते पहिले वीर ठरले.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या चार दिवसांच्या वृत्तांतात राणे यांनी अमुक इतके शत्रू लोळवले असे एकही वाक्य नाही. आपल्या मनातल्या वीराच्या चित्रात तलवार उपसलेली असते, तोंडी गर्जना असते. येथे जखमी अंगाने जमिनीवर वाकून माती चाचपणारा एक माणूस आहे. राष्ट्राने आपले सर्वोच्च शौर्यपदक त्याला दिले. ज्यांनी ते दिले त्यांना शौर्याचा अर्थ ठाऊक असला पाहिजे.

शौर्य म्हणजे काय, हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस दोन अनुभवी सेनापतींना तोच विचारतो. लाखेस नावाचा सेनापती म्हणतो, जो आपली जागा सोडून पळत नाही तो शूर. सॉक्रेटिस दाखवून देतो की माघार घेत लढणारेही शूर असू शकतात. मग लाखेस म्हणतो, शौर्य म्हणजे आत्म्याची चिकाटी. पण मूर्ख चिकाटी तर सद्गुण नव्हे, असा प्रश्न पुढे येतो. आणि शहाणी चिकाटी म्हणावे तर आणखी एक पेच पडतो. पोहण्याचे कसब असलेला माणूस विहिरीत उडी घेतो आणि ते नसलेलाही घेतो. यांत अधिक धाडसी कोण? कसब नसलेला, असे सहज म्हणावेसे वाटते. मग ज्ञानाने शौर्य उणे होते काय? संवाद शेवटच्या उत्तरावाचूनच संपतो. ते दोन्ही सेनापती पुढे युद्धातच गेले, एक मॅन्टिनियाला, दुसरा सिराक्यूजला. शौर्याची व्याख्या मात्र दोघांनाही करता आली नाही.

मला वाटते, राणे यांच्या चार दिवसांनी त्या पेचावर प्रकाश पडतो. सुरुंग ठाऊक नसलेला माणूस त्या रस्त्यावरून सहज चालत गेला असता. त्याला भय वाटण्याचे कारणच नव्हते. राणे यांना प्रत्येक ढेकळाखाली काय असू शकते हे ठाऊक होते. त्यांच्या ज्ञानाने त्यांचे भय कमी केले नसेल, उलट त्याला अचूक रूप दिले असेल. शिवाय मशीनगनच्या गोळीला कोणाचे कसब समजत नाही. ज्ञानाने त्यांच्या कृतीतला धोका नाहीसा झाला नाही. तिच्यातला अविचार तेवढा नाहीसा झाला. विहिरीत आंधळी उडी घेणारा आपला जीव पणाला लावतो, पण त्यातून कोणाचे काही साधेल याचा भरवसा नसतो. जाणता माणूस जीव पणाला लावतो तो काम तडीस जावे म्हणून. म्हणून ज्ञान हे शौर्याचे वैरी नव्हे. ज्याला ठाऊक आहे त्याच्यावरच जबाबदारी येते आणि जबाबदारी उचलण्यासाठीच धैर्य लागते.

आपल्या परंपरेतल्या संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हा विचार आणखी पुढे नेला. धैर्य हा चार मूलभूत सद्गुणांपैकी एक. त्याच्या दोन क्रिया, चाल करून जाणे आणि सोसून उभे राहणे. यांत श्रेष्ठ कोणती? युद्धाची गोष्ट ऐकून वाढलेला कोणीही चाल करून जाणे हेच म्हणेल. अक्वायनस म्हणतात, सोसणे. त्यांची कारणे साधी आहेत. चाल करून जाणारा स्वतःला बलवान समजत असतो, सोसणाऱ्यावर बहुधा त्याच्याहून बलवान चालून आलेला असतो. चाल करणाऱ्याला संकट पुढे कधीतरी येईल असे दिसते, सोसणाऱ्याला ते या क्षणी भिडलेले असते. आणि चाल क्षणिक आवेशातही करता येते. सोसायला मात्र दीर्घकाळ तग धरावा लागतो. राणे यांचे चार दिवस वाचताना हे तिसरे कारण मला विशेष पटते. ९ एप्रिलच्या पहाटे उठून पुन्हा कामाला लागणे हे ८ एप्रिलच्या पराक्रमाहून कठीण असले पाहिजे. आवेश रात्रीत ओसरतो, जखम ठणकते, गेलेले सोबती आठवतात. आणि उजाडताच रस्ता तसाच वाट पाहत असतो.

या विवेचनाने वाचक सुखावले असतील तर त्यांना सावध करणे मला भाग आहे. कारण येथवर मी सोपी बाजू मांडली. राणे यांनी कोणाला मारले असे नोंदलेले नाही, म्हणून त्यांचे शौर्य आपल्या मनाला निष्पाप वाटते. पण तो रस्ता कशासाठी मोकळा झाला? रणगाड्यांसाठी. रणगाडे शाळेला जात नाहीत. जो मार्ग करून देतो तो त्या मार्गाने जाणाऱ्याच्या कृत्यात वाटेकरी असतोच. 'मी फक्त रस्ता केला' असे म्हणून कोणालाही मोकळे होता येणार नाही, आणि राणे यांच्यासारख्या सैनिकाने तसे म्हटलेही नसते. तेव्हा शौर्याचे मोल ठरवताना, ते कशाच्या कामी आले हा प्रश्न टाळता येत नाही. चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी बजावले होते की न्यायावाचून धैर्य हे अन्यायालाच साहाय्य करते. दरोडेखोरही प्राणावर उदार होतो.

मग त्या रस्त्याच्या टोकाला काय होते? नोव्हेंबर १९४७ मध्ये राजौरी पडली तेव्हा तेथे आश्रयाला आलेल्या हिंदू व शीख निर्वासितांची फार मोठी कत्तल झाली होती. वाचलेल्यांच्या दृष्टीने तवीच्या पात्रातून येणाऱ्या त्या रणगाड्यांचा आवाज सुटकेचा होता. हे सत्य आहे आणि ते राणे यांच्या बाजूने उभे आहे. पण तेवढेच सांगून थांबलो तर मी अप्रामाणिक ठरेन. त्याच शरद ऋतूत, थोडे दक्षिणेला, जम्मूच्या परिसरात मुसलमानांच्याही कत्तली झाल्या आणि लाखो माणसे घरदार सोडून सीमेपलीकडे गेली. त्यांच्या मदतीला कोणाचे रणगाडे आले नाहीत. निष्पापांचे रक्त दोन्हीकडे एकाच रंगाचे होते. वीराचा गौरव करताना आपल्या बाजूची जखम मोजायची आणि दुसऱ्या बाजूची झाकायची, हा मोह सगळ्याच राष्ट्रांना होतो. त्या मोहाला बळी पडलो तर पदक हे सद्गुणाचे चिन्ह न राहता अहंकाराचे होते.

ख्रिस्तसभेने येथे सोपे उत्तर दिलेले नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आधुनिक जगासंबंधीच्या घोषणापत्रात, देशसेवेसाठी सैन्यात असणारे आपले कर्तव्य नीट बजावतील तर ते शांती टिकवण्यास हातभार लावतात, असे म्हटले; आणि त्याच प्रकरणात, सद्विवेकबुद्धीमुळे शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी कायद्याने माणुसकीची तरतूद करावी, असेही म्हटले. दोन परस्परविरुद्ध माणसांसाठी तेथे जागा आहे. याचा अर्थ परिषदेला निर्णय करता आला नाही असा मी घेत नाही. दोघांनाही एकच कसोटी लावली आहे, असा घेतो: तू जे करतोस ते माणसांच्या रक्षणासाठी करतोस काय, आणि समोरच्या माणसालाही माणूस मानून करतोस काय?

ही दुसरी कसोटी युद्धात टिकते तरी का, असे कोणी विचारील. त्यासाठी आणखी एक प्रसंग सांगतो. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. ते पूना हॉर्स या रणगाडा दलातले अधिकारी. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याला आग लागली असताना माघारीचा आदेश आला. आपली तोफ अजून चालते आहे, असे बिनतारी यंत्रावर सांगून ते लढत राहिले आणि तेथेच वीरगतीस गेले. वय एकवीस. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. पुढे २००१ साली त्यांचे वडील, निवृत्त ब्रिगेडिअर एम. एल. खेत्रपाल, वयाच्या ऐंशीव्या वर्षानंतर आपले मूळ गाव सरगोधा पाहण्यासाठी पाकिस्तानात गेले. लाहोरला ब्रिगेडिअर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी त्यांचे आदरातिथ्य केले. निघण्याच्या आदल्या रात्री यजमानांनी सांगितले की त्या दिवशी बसंतरला आपण समोर होतो आणि आपल्या हातून अरुण गेला. त्यांनी त्या तरुणाच्या धैर्याला वंदन केले. वृद्ध पित्याने ते ऐकून घेतले. सैनिकाचे कर्तव्य काय असते हे तोही जाणत होता.

त्या रात्रीच्या खोलीत कोणते धैर्य मोठे होते हे मी ठरवू शकत नाही. जळत्या रणगाड्यात बसून राहणाऱ्या मुलाचे, तीस वर्षे उरात ठेवलेली गोष्ट पाहुण्यासमोर उच्चारणाऱ्या यजमानाचे, की ती ऐकून आसनावरून न उठणाऱ्या बापाचे? पण एवढे दिसते की शौर्य ही एका बाजूची मालमत्ता नव्हे. शत्रूच्या धैर्याला जो ओळखतो त्याने शत्रूला माणूस मानण्याची पहिली पायरी चढलेली असते. आणि शेवटी वैर जेथे विरघळले तेथे कोणाच्या हाती शस्त्र नव्हते.

आता राणे यांच्याकडे परत येतो, कारण त्यांच्या चरित्रातली सर्वांत मला आवडणारी गोष्ट पदकानंतरची आहे. आजवर एकवीस जणांना परमवीर चक्र मिळाले, त्यांपैकी चौदा जणांना मरणोत्तर. मृत्यूने ज्यांची कहाणी पूर्ण केली त्यांच्याविषयी बोलणे सोपे असते. राणे यांना मात्र पुढे सेहेचाळीस वर्षे जगायचे होते. ते सेनेत काम करीत राहिले, मेजर म्हणून १९६८ साली निवृत्त झाले, पुनर्नियुक्तीवर १९७१ पर्यंत होते आणि ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात वारले. शहात्तर वर्षांच्या आयुष्यात ते चार दिवस केवढे? बाकीचे दिवस तुमच्याआमच्यासारखेच, हजेरीचे, कागदांचे, घराचे, आजारपणाचे. अक्वायनस यांनी सांगितलेले सोसणे तेथेही लागते आणि त्याला मानपत्र मिळत नाही. २०२३ साली अंदमानातील एका बेटाला राणे यांचे नाव देण्यात आले. ते योग्यच झाले. पण ८ एप्रिलच्या सकाळी त्यांच्या शेजारी जे दोन सॅपर पडले त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? पदक एका छातीवर लागते. ते ज्यांच्यामुळे शक्य झाले त्यांचे ऋण ते वागवत असते.

आणखी एक गोष्ट. राणे ज्या वस्तूंशी चार दिवस झुंजले त्या सुरुंगाला सैनिकाचे पाऊल आणि लेकराचे पाऊल यांतला फरक कळत नाही; लढाई संपल्यावरही तो मातीखाली वाट पाहतो. मानवघातक सुरुंगांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार १९९७ साली झाला. भारत आणि पाकिस्तान या दोघांनीही त्यावर सही केलेली नाही. सीमेच्या रक्षणाची कारणे दोघेही देतात, आणि ती कारणे पोकळ आहेत असे मी म्हणणार नाही. पण ज्या देशाने सुरुंग काढणाऱ्याला आपला सर्वोच्च सन्मान दिला त्या देशाच्या नागरिकांनी हा प्रश्न मनात जागा ठेवावा, एवढे मागणे अनुचित नाही.

वहिनींना मी दुसऱ्या दिवशी राणे यांची हकीकत सांगितली. शेवटी म्हटले, "वहिनी, पदक मागू नका आणि वेळ येऊ नये म्हणूनही अडून बसू नका, वेळ कोणावर कधी येईल ते आपल्या हाती नाही. एवढंच मागा की वेळ आलीच तर त्याला पुढचं नीट दिसावं, काम कशासाठी आहे हे त्यानं विचारावं, दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठायचं बळ त्याला मिळावं आणि समोरचाही कोणाचा तरी मुलगा आहे हे त्यानं विसरू नये."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि त्या समोरच्याच्या आईसाठीही मागीन." मला हे सुचले नव्हते.

पुतण्या गेल्या महिन्यात प्रबोधिनीत रुजू झाला. घरी रोज संध्याकाळी रोझरीनंतर दोन जास्तीच्या 'नमो मरिया' म्हटल्या जातात. एक कोणासाठी ते सर्वांना ठाऊक आहे. दुसरीविषयी कोणी विचारीत नाही.